जागा

ऋषीचं कूळ, नदीचं मूळ
आणि अळंब्यांची जागा विचारू नये,
असं तू म्हणायचीस.
एकेचाळीस वर्षं मी विचारलं नाही.

सप्टेंबरात पहाटे चारला
तुझे रबरी बूट दाराशी कुरकुरायचे.
मी झोपेचं सोंग घ्यायचो,
तू ते खरं मानल्याचं.
आठाच्या आत परत. टोपलीवर नेच्याची पानं,
जशी काही आत अंडी उबायला ठेवलीत.
पुढचं काम माझं: बुडाची वाळू खरवडायची,
चकत्या करायच्या, दोऱ्यात ओवायच्या,
चुलीवर माळा टांगायच्या.
नाताळपर्यंत घराला जंगलाचा वास.

मार्चमध्ये तू गेलीस.
नकाशा नाही, वही नाही.
सांगायला लाज वाटते, मी पिठाच्या डब्यातही हात घालून पाहिला.
सापडली विजेची जुनी बिलं
आणि सैन्यातून मी तुला धाडलेलं एक पत्र.
दोन्ही पानं बटाट्यांबद्दल.

काल निघालो.
धुकं अजून वारेनाच्या रुळांवर लोळत होतं.
पाइनखालचं पांढरं शेवाळ,
एरवी पापडासारखं मोडणारं,
काल दंव पिऊन मऊ.
वरून क्रौंच चालले होते दक्षिणेला, कुरबुरत,
सामान मागे राहिल्यासारखे.
आधी दिसल्या माशीमार छत्र्या, लाल, ठिपकेदार.
विषाला लपावं लागत नाही.
मग पिवळ्या खारुटल्या, दहाबारा; त्या कुणालाही दिसतात.
पण बाराविकस,
तपकिरी टोपीचा, जाड मानेचा,
ज्याच्यापुढे तू चर्चमध्ये टेकायचीस त्याहून
सावकाश गुडघे टेकायचीस (तूच सांगितलेलं),
तो एकही नाही.

वाळूच्या तिसऱ्या उंचवट्यामागे
लढाईतले खंदक आहेत, हीदरनं बुजलेले.
तिथे, एका पडक्या भूर्जाच्या कडेनं,
शेवाळाला ठिगळं होती.
एक उचललं. खाली कापलेला देठ,
पांढरा, ओला, त्याच सकाळचा.
दुसरं उचललं. तिसरं.
सतरा.
प्रत्येकावर शेवाळ ओढून
दोन बोटांनी दाबलेलं,
करंजीची कड दाबावी तसं.
तुझी रीत.
क्षणभर मला वाटलं...
जाऊ दे, काय वाटलं ते.
सतराही ठिगळं होती तशी लावून ठेवली.

हमरस्त्यावर बायका बसतात बादल्या घेऊन.
शेवटची दांगुओले.
गाईवरून झालेल्या भांडणानंतर
तू तिचं नाव घ्यायची नाहीस;
तुझ्या बाजूनं मीही तिच्याशी
अकरा वर्षं बोललो नाही, इमानानं.
तिच्या बादलीवर नेच्याची पानं.
तिनं माझी रिकामी टोपली पाहिली,
मग गुडघ्यांवरची वाळू.
"पाच युरो," म्हणाली.
"चार," मी म्हणालो,
नाहीतर दुसरंच काही बोलावं लागलं असतं.
"साडेचार." आणि वर एक छोटं घातलं.
"यंदा उशिरा आली."
"हो," मी म्हणालो, "उशिराच."

कुठल्या पहाटे मिटलं तुमचं?
खंदकापर्यंत बरोबर जायचात,
आणि परतताना दोन वाटांनी,
गावासाठी, माझ्यासाठी
भांडण तसंच ताजं ठेवून?
मला का नाही सांगितलंस हे विचारत नाही.
मी विचारलं नव्हतं.

रात्री तुझी सुई काढली.
नाक दिसेना, दोरा चारदा चुकला.
सतरा ओवली.
अठरावं, वर घातलेलं,
चिरलं तर आतून पार किडकं.
अजून राग आहे तर तिचा!
सांगायला वळलो,
तर चूल.