सिक्स बी

चावी आत जाते, पण फिरत नाही.
फिरली, तर बाहेर येत नाही.
महिनाभर माझं आणि गाडीचं
एवढंच बोलणं चाललंय.

काल मुंबई नाक्याच्या पंपावर
मागे नऊ गाड्या, त्यात एक टँकर,
आणि मी स्टेअरिंग हलवतेय
डावीकडे, उजवीकडे,
झोपलेल्या माणसाला उठवावं तसं.
नळी धरलेला पोरगा म्हणाला, मॅडम, जोर नका लावू,
आत तुटली तर ढकलत न्यावी लागेल.
जोर मी लावतच नव्हते.
म्हणजे त्याला दिसेल इतका लावत नव्हते.

उपाय सांगणारे पुष्कळ.
खालच्या मजल्यावरचे खैरनार
डिसेंबरात स्वतःहून खोबरेल घेऊन आले.
दोन थेंब, म्हणाले. ओतलं अर्धं बूच.
दोन दिवस चावी लोण्यातून फिरली.
तिसऱ्या दिवशी पारा आठावर,
कुलपाच्या पोटात तेल थिजून बसलं,
आणि त्यावर पाथर्डी फाट्याची सगळी धूळ.

सारडा सर्कलला इद्रिसभाई बसतो,
छत्रीखाली, पत्र्याची हातभर चावी टांगून.
सत्त्याण्णवची झेन? अजून चालते?
अडकलेली चावी त्याने काढली, कशी ते दिसलं नाही.
नाकाशी धरली. खोबरेल, म्हणाला,
डोक्याचं कुलपाला लावलं तुम्ही.
मग तिचे दात उन्हात धरून पाहिले:
ही फार झिजली नाही. घर झिजलंय.
डुप्लिकेट काढून देईन, पण पैसे वाया.
लांब नळीचा फवारा मारला आत.
पिवळट काळा ओघळ
माझ्या चपलेपर्यंत आला.

आता शिशाची पूड पाहिजे. संपलीय माझी,
उद्या या.
मी पर्स उघडली.
एकतीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या बाईच्या पर्समध्ये
कंगवा नसेल, सिक्स बी असतेच.
शिसं नव्हे ते, ग्रॅफाइट, मी सवयीने म्हणाले,
आणि त्याने सवयीने ऐकलं नाही.

वर्तमानपत्राच्या तुकड्यावर
ब्लेडने टोक खरवडत राहिला.
काळी, मऊ, किंचित चकाकणारी भुकटी.
हात हलका ठेवा रे, सावली कोरायची नसते,
हे मी किती पोरांना सांगितलं असेल.
तीच भुकटी आता चावीच्या दातांत,
आत, बाहेर, आत, बाहेर,
फिरवू नका अजून.
सातव्या खेपेला आत काहीतरी
टिचकन जागेवर बसलं.
फिरली.

हसू नका, झालं नाही अजून.
हा जुडगा बघा, पाव किलोचा.
गाडी हलते, हा हलतो, घर झिजत जातं.
काढा.
कपाटाची. काढली.
गच्चीवरच्या टाकीची.
आईच्या सिडकोतल्या फ्लॅटची,
जो विकून चार वर्षं झाली.
मग एक पितळी, डोक्यावर
पोपटी पोस्टर कलरचा वाळलेला ठिपका.
त्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत,
दाराला बोट टेकवून उघडायचं कुलूप.
ही कुठली, त्याने विचारलं.
माहीत नाही, म्हणाले.

साठ रुपये. पेन्सिल ठेवून घेतली त्याने,
तुमच्याकडे असतील अजून.
होत्या.

परतताना एकच चावी, सुतळीच्या गाठीत.
बाकीच्या डॅशबोर्डच्या खणात
खड्ड्याखड्ड्याला खुळखुळत.
त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला गाडी बंद केली,
उगाच. चालू केली. परत बंद.
मागचा हॉर्न वाजवायला लागला.
अंगठा काळा झाला होता,
आणि तो मी कुठे कुठे लावला होता
ते आरशात दिसलं:
कपाळावर एक डाग, मऊ कडेचा, चांगला उतरलेला.
फक्त उजेड डावीकडून येत होता
आणि सावलीही डावीकडेच पडली होती.