नऊ व्होल्ट

घंटागाडी आली म्हणून बादली घेऊन खाली उतरले,
गाउनवर ओढणी, पायात बाथरूमची चप्पल.
वर येते तर दार आपलं आपण लागलेलं.
शहाणं दार आहे, कोणासाठी थांबत नाही.

दिवाळीत मयूरेशनं पुण्याहून पाठवलं हे कुलूप.
बोट ठेवलं की उघडतं, आकडे दाबले की उघडतं,
तो तिकडं ऑफिसात बसून मोबाइलवरूनही उघडतो.
"किल्लीची कटकटच मिटली, आई."
बसवायला आलेल्या पोरानं
जुन्या कडीची चार भोकं लांबीनं बुजवली,
त्यावर रंग द्यायचा अजून राहिलाय.

बोट ठेवलं. काही नाही.
अंगठा ओढणीला पुसून ठेवला.
ना निळा दिवा, ना ते टुंग.
पंधरा दिवस बारीक आवाजात काहीतरी सांगत होतं ते,
मला वाटलं, पाल चुकचुकतेय.

आत कुकर.
दुसरी शिट्टी मी जिन्यात उभी राहून ऐकली,
माझ्याच घराची, पाहुणीसारखी.
मोबाइल आत, चष्मा आत,
आणि कुलपासोबत आलेली ती एक चपटी किल्ली,
हरवू नये म्हणून कपाटात ठेवलेली;
कपाटाची किल्ली पर्समध्ये,
पर्स फ्रिजवर.
जपून ठेवणं म्हणजे काय
ते तिसऱ्या शिट्टीला कळलं.

सासूबाई औशाकडच्या.
त्र्याण्णवच्या त्या पहाटेनंतर
शेवटपर्यंत त्यांनी रात्री कडी लावू दिली नाही.
"चोर आला तर ताट-वाटी नेईल. दार अडकलं तर?"
याच्या पुढं त्या बोलायच्या नाहीत.
दाराला नुसती प्लॅस्टिकची खुर्ची लावायच्या,
लेकरानं ढकलली तरी सरकेल अशी.
आणि दिवसाच्या कुलपाच्या किल्ल्या गल्लीभर वाटलेल्या,
गिरणीत एक, शिंपिणीकडं एक, तिसरी कोणाकडं ते त्यांनाच ठाऊक.
आम्ही नसताना कोण कोण येऊन
विरजणाला दही घेऊन जायचं.
मला राग यायचा तेव्हा.

सांची आली वर, खालच्या खोलीतली,
वसमतची पोरगी, नीटचं दुसरं वर्ष.
"काय करलालाव काकू भाईर?"
दोन वर्षांत लातूरची भाषा उचललीय तिनं.
वाकून कुलपाच्या खाली बघितलं.
"इथं दोन टिकल्या आहेत.
चौकोनी बॅटरी लावायची, नऊ व्होल्टची.
फिजिक्स आहे, काकू."
आणि पळाली औसा रोडला.

कूलरवाला इलियास आला, मागून धापा टाकत ती.
त्यानं आपल्या मीटरचं पोट उघडून बॅटरी काढली,
टिकल्यांना टेकवून धरली,
तापलेल्या कपाळाला हात लावावा तशी.
कुलपानं श्वास घेतला.
माझ्या घामेजल्या बोटाला नाही म्हणालं,
आकडा मागितला.

मयूरेशनं विचारलं होतं, न विसरण्यासारखा सांग.
मी दाबला: तीन, शून्य, नऊ, तीन.
दार उघडलं.
इलियास बॅटरी परत मीटरमध्ये बसवत म्हणाला,
"काकू, नंबर बदला.
हा तर अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे."
मग तिघंही जरा गप्प राहिलो.
कुकरच तेवढा बोलत होता.

तळाची डाळ करपली. वरची तिघांनी भाताशी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईत हरनाम बावरीकडं गेले.
त्यानं ती चपटी किल्ली उजेडात धरली,
"कंपनीची आहे, मशीनवर होत नाही, हातानं घासावी लागेल."
तासभर घासली. दोन केल्या.
एक इलियासच्या हत्यारांच्या पेटीत.
दुसरी सांचीच्या खोलीत, कॅलेंडरच्या खिळ्याला.
जूनमध्ये ती जाईल,
तिच्या जागी दुसरी कोणी येईल, नाव माहीत नसलेली.
किल्ली खिळ्यालाच राहील.

मयूरेशला फोनवर सांगितलं, सेल बदलले.
नंबर तोच ठेवलाय.