दोन्हीकडे छापा

नंदुरबारात मिरची उतरली की
माझ्या गल्ल्यातली नाणीसुद्धा तिखट होतात.
पथारीवर देठं खुडणाऱ्या बाया चहाला येतात,
लुगड्याच्या गाठीतून मोड सोडवतात,
आणि रात्री हिशेब करताना
डोळ्याला हात लावायची सोय राहत नाही.

तरी मी बघतो. एकेक.
वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं काळं भिंग
माझ्या डाव्या डोळ्यात अजून घट्ट बसतं.

चिमटीत धरायचं, वर एक बोट, खाली एक.
सिंह उभे. मग दारासारखं फिरवायचं.
मागचा आकडाही उभाच यायला हवा.
कलंडला, तर समजायचं,
त्या दिवशी टांकसाळीत ठसा सैल होता
आणि जेवणाची सुट्टी जवळ आली होती.
काठाचा घास गेलेलं असतं एखादं,
पत्र्याच्या टोकाला कापलं गेलेलं.
रुळावर ठेवून चपटं केलेलं, तेजाबात बुडवलेलं
मी बाजूला टाकतो. ती चूक नव्हे, उचापत.
चूक जन्मतानाच व्हावी लागते.

परवा इमाबाई वसावे आली दोन रुपये घेऊन.
किराणावाल्याने परत केलेलं, रिक्षावाल्याने परत केलेलं,
‘हाई चालस नही, दुसरं दे.’
मी भिंग लावलं.

इकडे सिंह, उठावाचे.
तिकडेही सिंह, पण खोल रुतलेले, उलटे,
भारत आरशात वाचावं तसं.
आधीचं नाणं ठशाला चिकटून बसतं, निघत नाही,
पुढचं येतं ते त्याच्याच तोंडावर दाबलं जातं.
आकड्याला जागाच उरत नाही.
दोनचं, हे फक्त आकारावरून.
किंमत कुठेच लिहिलेली नव्हती.

भिंग डोळ्यात असलं की गप्प बसायला बरं पडतं.
मी बसलो. चहा उतू गेला, तरी बसलो.
दुसरं दोनचं नाणं तिच्या हातावर ठेवलं असतं
तर ती दुवा देऊन गेली असती.

मग सांगितलं. धुळ्याला एक जण आहे,
हजार देईल, अडून बसलीस तर जास्त.
ती हसली. ‘आणि धुळ्याचं भाडं?
आणि त्या दिवसाची खुडाई?’
नाणं पदराला पुसून गाठीत बांधलं,
चहाचे पैसे दुसऱ्या गाठीतून दिले.

आता पथारीवर रोज दुपारी
पाण्याचा हंडा कोणी आणायचा यावर नाणं उडतं.
इमाबाई छापा मागते.
पडलेलं नाणं तीच उचलते, झटकन,
लाल धुरळ्यात कोणाला नीट दिसत नाही
सिंह वर आलेत की आत गेलेत.
मी गाळणी धरून बघत असतो, बोलत नाही.

काल मात्र सुमली,
त्या बायांतली सगळ्यात लहान,
नाणं हवेत जायच्या आधीच ओरडली,
‘आज छापा माझा!’