लादीच्या मधोमध

मडगावच्या वाचनालयातून आणलं ते पुस्तक.
मुखपृष्ठावर गोठलेलं तळं, काठावर एकच बूट.
देविदास म्हणाला, "रात्रपाळीला नेऊ नकोस."
मी हसलो. कुटबणच्या जेटीवर
बर्फाच्या कारखान्यात अकरा वर्षं काढलेल्या माणसाला
बर्फाची भीती घालतोस?

कॉम्प्रेसर घरघरतो. अमोनियाचा वास नाकाला आता कळत नाही.
मे महिन्याची सव्वीस तारीख, अंगातून पाणी गळतंय,
आणि मी वाचतोय : उणे एकतीस.

उत्तरेकडचं गाव, नकाशाच्या अगदी कडेला.
पोलिसबाई सिग्ने, जिला झोप लागत नाही.
दर हिवाळ्यात एक पोर नाहीसं होतं
आणि तळ्यातून, खालून, कुणीतरी टकटक करतं.
तीनदा. मग थांबतं. मग तीनदा.

पहिली शंभर पानं मी चुका काढल्या.
अनुवादकानं सगळ्याला बर्फच म्हटलंय :
आभाळातून पडतो तोही, पायाखाली तडकतो तोही,
मेलेल्याच्या पापणीवर बसतो तोही.
आमच्याकडे बर्फ लादीत मोजतात,
टोच्यानं फोडतात, बांगड्यांवर पसरतात.
विषय संपला.

आणि भूत तरी कसलं!
इतकं चालतं, पण पाऊल उमटत नाही.
आमचा राखणदार बघा. त्याला वर्षाला वहाणांचा जोड लागतो,
पुढच्या वर्षी जाऊन पाहा, टाच झिजलेली.
काठी आपटत गावाची सीम राखतो,
वाटेत विडी मागतो.
शिवाय तिथं घाबरायला सहा महिन्यांची रात्र लागते;
इथं भुताला भर दुपारचे बाराही पुरतात.

माझ्याआधी कुणीतरी वाचलंय. पेन्सिलीनं
प्रत्येक मढ्याशेजारी लिहिलंय, "फट."
म्हणजे खोटं, आमच्या कोकणीत.
एकशे ऐंशीव्या पानापर्यंत फट, फट, फट.
पुढे काही नाही.
पेन्सिल संपली असेल.

दोनशे बाराव्या पानावर
त्या पोराची आई तळ्यावर जाते, एकटी,
गुडघे टेकते, कान लावते
आणि टकटकीला उत्तर देते.
बोटाच्या पेरानं. तीनदा.

पुस्तक मी पालथं घातलं.

बोस्त्यांव गेल्या सप्टेंबरात ट्रॉलरवरून गेला.
गेला, एवढंच म्हणतो आम्ही,
कुठे ते कुणी विचारत नाही.
ट्रॉलर आला, जाळं आलं, मासळीही चांगली आली.
त्याच्या रबरी चपला माझ्याकडे, क्रशरच्या मागे,
"फाल्यां व्हरतां" म्हणून ठेवलेल्या.
त्याची आई पियेदाद रोज पहाटे येते,
टोपलीपुरता बर्फ घेते,
घेण्याआधी लादीवर बोट वाजवते.
मला वाटायचं, कडक आहे का बघते.

तीन वाजले. साचे उपसायची वेळ.
लादी फळीवर सरकत आली,
कडांना काचेसारखी, मधोमध पांढरी.
ती हवा असते. पाणी बाहेरून गोठत येतं,
हवेला आत आत ढकलतं,
आणि शेवटी ती तिथंच अडकते.
नव्या पोरांना मीच शिकवतो हे.
आज ते पांढरं जरा उभं वाटलं.
खांदे असल्यासारखं.

"फट," म्हटलं मोठ्यानं.
टोचा मात्र उचलला नाही.

क्रशरमागे वाकून पाहिलं. चपला होत्या.
उलटून टाच बघावी का?
झिजली असेल तर एक भीती,
नसेल तर दुसरी.
तसाच उभा राहिलो, घाम थंड होईपर्यंत.

पाचला पियेदाद आली.
"कितें रे, न्हिदूंक ना?"
तिनं लादीवर बोट ठेवलं
आणि मी मोजायच्या आत क्रशर सुरू केला.

ऐंशी पानं उरलीत. वाचीन.
एकतीसला मासेमारी थांबेल, मग हा कॉम्प्रेसरही.
दोन महिने इथं इतकी शांतता असते
की साळ नदी खांबांना लागते
तेही ऐकू येतं.