बासष्ट मिनिटं

एरोनं चौतीस वर्षं थंडर बेच्या यार्डात
गव्हाच्या मालगाड्या लावल्या, सोडल्या.
गाडी बदलायला किती वेळ पुरतो
हे त्याला कुणी शिकवू नये.

जहाज पिरेअसहून सुटणार होतं, संध्याकाळी सहाला.
विमानासकट सगळं कंपनी देत होती.
माझी नणंद सिल्वी एका फोनवर मोकळी झाली,
फोन मानेत धरून, माशाची खवलं काढता काढता.
एरो म्हणाला, सहाशे चाळीस डॉलर
उगाच का मोजायचे?
मला काय वेळापत्रक वाचता येत नाही?

मग जानेवारीच्या आठ रात्री
आमच्या जेवणाच्या टेबलावर विमानं उतरत राहिली.
मिठाची शिशी टोरांटो, मिरपुडीची फ्रँकफर्ट,
लोण्याच्या वाटीपाशी अथेन्स.
मधली जागा पुसायची नाही, अशी मला ताकीद.
फ्रँकफर्टला बासष्ट मिनिटं.
‘रग्गड झाली,’ तो म्हणाला
आणि आकड्याखाली दोनदा पेन्सिल ओढली.

मी गप्प राहिले.
शंका होती, नव्हती असं नाही,
पण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच
तो असा कान टवकारून बसला होता.

टोरांटोत पंखांवरचा बर्फ धुवायला रांग लागली.
केशरी पाणी खिडकीवरून ओघळत राहिलं.
एरो घड्याळाकडे बघत नव्हता.
त्यावरूनच मला काय ते कळलं.

पिरेअसच्या धक्क्यावर सहा चाळीस.
दोरखंड गुंडाळणाऱ्या माणसानं
हात लांब करून समुद्र दाखवला,
आम्ही जणू पत्ता विचारला होता.
जहाज अजून दिसत होतं, दिवे लागलेलं,
त्याच्या कुठल्यातरी कठड्याला सिल्वी टेकली असणार.
तिचंही विमान उशिरा आलं होतं.
तिच्यासाठी जहाज वीस मिनिटं थांबलं,
कारण तो उशीर कंपनीचा होता.
आमचा उशीर आमच्या मालकीचा.

रात्री नांगराच्या साखळ्या विकणाऱ्या दुकानावरची खोली मिळाली.
खाली तळलेले बोटभर मासे, डोक्यासकट.
एरोनं कागदी रुमालावर हिशेब मांडला:
खोली, टॅक्सी, उद्या सीरोसपर्यंतची फेरी.
सातशे दहा.
‘सत्तर डॉलरांना बुडालो,’ तो म्हणाला.
मी म्हटलं, बुडालो नाही रे,
नुसते राहिलो.
तेव्हा तो हसला, अगदी मोठ्यानं,
शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं
काही न समजताच आमच्याकडे पेला उचलला.
सबंध सहलीतलं मला तेवढंच नीट आठवतं.
बेटं सगळी पांढरी होती.

यंदा लिस्बनहून.
फोन एरोनंच लावला, मी काही सुचवलं नव्हतं.
पलीकडची मुलगी विनिपेगची, गोड बोलणारी,
‘विमानांची काळजी तुम्ही नका करू,
ती आता आमच्याकडे.’
त्यानं आभार मानले. दोनदा मानले.

बाहेर पेल्टियरांचा धाकटा
आमच्या दारातला बर्फ ओढत होता.
नोव्हेंबरपासून ओढतोय, न सांगता,
पैसेही घेत नाही.
एरो हातमोजे चढवून
खिडकीतच उभा.

मी विचारलं, फ्रँकफर्टला किती वेळ दिलाय त्यांनी?
म्हणाला, विचारलं नाही.

मध्यरात्री पाणी प्यायला उठले
तर स्वयंपाकघरात दिवा.
मीठ एका टोकाला, लोणी दुसऱ्या,
आणि मिरपूड त्याच्या मुठीत,
कुठे ठेवावी ते ठरत नसल्यासारखी.
मी पाणी न पिताच परतले.