परत येण्याची कारणे

कोपरखैरणे, सेक्टर सहा. माझ्या टेबलापलीकडे
हिंदुराव शेलार, वय एकसष्ट,
शेजारी फुलाबाई, मांडीवर कागदांची पिशवी.
लेकीनं पैसे भरलेत : युरोप, नऊ दिवस.

फोटो पांढऱ्या पडद्यावर, दोन्ही कान दिसतील असा.
हसायचं नाही, हे सांगावं लागलं नाही.
सहा महिन्यांचं पासबुक, विमा, परतीचं तिकीट,
प्रत्येक रात्रीच्या हॉटेलाचा कागद.

मग ते पत्र : तुम्ही परत का याल?
नोकरी संपली. घर लेकीच्या नावावर.
जमीन पाटणला, भावकीत अडकलेली.
फुलाबाई म्हणाल्या, "लिवा की,
सकाळी साडेपाचला पाणी येतं."
मी फंडाची ठेव लिहिली.

मंगळवारी व्हिसा केंद्रातून फोन :
यंत्र बोटं घेईना.
चौतीस वर्षं मसाला मार्केटात हळदीची पोती,
रेषा तिथंच कुठंतरी सांडल्यात.
मागून पोरीचा आवाज, "काका, जरा दाबा."
"दाबतोय की."
तीनदा. मग फुलाबाईंनी म्हणे
बोटं पदरात धरून एकेक पुसली.

करंगळी तेवढी उमटली.
"कामचुकार," हिंदुराव हसत होते,
"हीच चालली बघा युरोपला."