सॅम्पल फ्लॅट

छत्री बाहेर ठेवा, म्हणाला तो पोरगा.
मी ठेवली नाही. तशीच आत आले.
गार्मन, छातीवरच्या पट्टीवर नाव,
वय तेवीस-चोवीस, बूट नवे, चावणारे.
‘ही बैठकीची खोली, समोर अख्खा समुद्र.’
समुद्र होता. तो कुठे जाणार आहे?
वेल्सच्या या टोकाला तो भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचा,
आणि पाऊस तिरका, वर्षाचे दहा महिने.

इमारतीचं नाव ‘फनफेअर व्ह्यू’.
एकाही खिडकीतून जत्रा दिसत नाही.

मी जुना नकाशा डोक्यात घेऊन चालत होते.
फ्रिज आहे तिथे तिकिटाची खिडकी,
आत नेरिस, दातात पेन्सिल, सुट्ट्या पैशांवरून रोज भांडण.
हा पॅसेज म्हणजे रुळांचं पहिलं वळण.
इथे डबा हिसका द्यायचा,
कारण इडवल प्रॉसरने रुळाखाली लाकडाचा तुकडा ठोकला होता,
मालकालाही न सांगता.
हाच इडवल कौन्सिलच्या सभेत उठला.
काचेखाली इमारतीची प्रतिकृती, नखाएवढी झाडं, नखाएवढी माणसं,
एकाच्याही हातात छत्री नाही.
‘हरकत आहे का कुणाची?’
इडवल म्हणाला, हरकत नाही,
पण वायव्येचा वारा त्या कोपऱ्यावर शीळ घालतो,
आम्ही पाळणा थांबवायचो त्या दिवशी.
बिल्डरच्या माणसाने लिहून घेतलं. आभारही मानले.

खिडकी आत्ताही शीळ घालतेय.
गार्मन मोठ्याने खोकतो, कार्पेट एरिया सांगतो.

‘आणि ही मास्टर बेडरूम.
तिन्ही बाजूंनी उजेड.’

इथेच.
इथे मी उकिडवी बसायचे, सोळाची असताना,
तासाला सव्वा पौंड.
काम एकच: भुताच्या गाडीचा डबा समोरून गेला
की काठीला बांधलेला ओला दोरा
एकेकाच्या मानेवरून ओढायचा.
सापळ्याला कोण भ्यायचं? तो वायरीवर लटकलेला,
सप्टेंबरपर्यंत त्याचा जबडा गळून पडायचा.
लोक भ्यायचे दोऱ्याला.
पाटीच्या खाणीतले आडदांड गडी,
सुरुंगाची वात पेटवून सावकाश चालत येणारे,
त्यांची पाचावर धारण बसायची.
चॅपलचे पाद्रीबाबा तर देवाला सोडून
आईला हाक मारत बाहेर पडले.
मी अंधारात तोंड दाबून हसायचे,
आणि कधी कधी, का कोण जाणे, नाही हसायचे.
एवढ्या सगळ्या माना. दिवसाला तीनशे-चारशे.
घामाच्या, साबणाच्या, उन्हाने सोललेल्या.
कुणीच मागे वळून मला पाहिलं नाही.

उजेड खरंच पुष्कळ आहे. पलंग आहे,
त्यावर कुणी न झोपलेल्या आठ उशा.

‘तुम्ही इथल्याच?’ गार्मनने विचारलं.
‘आमची आई सांगते, इथे भुताची गाडी होती.
सगळं पुठ्ठ्याचं, म्हणते, सगळं खोटं,
पण आत एक बोट होतं. ते मात्र खरं होतं.
अजून शपथ घेऊन सांगते.’

मी काही बोलले नाही.
तो कपाटाचा खालचा खण उघडून दाखवायला वाकला.
कॉलर सैल. मान कोवळी, नुकतीच भादरलेली.
माझ्या हातात छत्री, टोकाला थेंब.

मी काय केलं ते मी आधी ठरवलं नव्हतं.

किंकाळी चांगली होती.
पोटातून आलेली, शेवटी जरा चिरकलेली.
तिन्ही बाजूंच्या उजेडात
एक उशी पलंगावरून खाली पडली.

मग तो हसला, मान पुसली, कान लाल.
वहीत ‘इच्छुक’ या रकान्यात माझं नाव घातलं: एलुनेद.
‘फोन नंबर?’
मी तिकिटाच्या खिडकीचा दिला, चार आकडी.
त्याने लिहून घेतला
आणि पेन तसंच धरून
पुढच्या आकड्यांची वाट पाहत राहिला.